नवऱ्याचा एफएसए आणि तुमचा एचएसए: आधी ही गाठ सोडवा, प्लॅन नंतर निवडा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. थोडक्यात पुन्हा लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल: तुमच्या इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, कंपनीने जानेवारी २०२६ पासून पीपीओ (डॉक्टर निवडायची मोकळीक देणारा नेहमीचा आरोग्य विमा) बंद करून फक्त हाय डिडक्टिबल प्लॅन (विमा पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम, म्हणजे डिडक्टिबल, ज्यात मोठी असते) ठेवलाय, एचएसएमध्ये (अशा प्लॅनबरोबर मिळणारं, वैद्यकीय खर्चासाठीचं करमुक्त बचत खातं) कंपनी १,००० डॉलर टाकणार आहे, मिस्टरांच्या कंपनीत अजून पीपीओ आहे आणि त्यांनी तिकडे एफएसएला (पगारातून करमुक्त पैसे कापून वैद्यकीय खर्चासाठी ठेवायचं कंपनीचं खातं) मर्यादेइतके पूर्ण ३,४०० निवडलेत, एप्रिलमध्ये बाळ येतंय, आणि तुमच्या एचआरने सांगितलं की दोन्ही अकाउंट घ्या, डबल टॅक्स वाचेल. आम्हालाही अगदी हेच सांगितलं होतं, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. मी सीपीए (अमेरिकेतला सीए) नाही, इन्शुरन्सवाला तर नाहीच, तेव्हा शेवटचा निर्णय एखाद्या जाणकाराला विचारूनच घ्या.

दोन्ही अकाउंट घेता येत नाहीत. निदान ज्या प्रकारचा एफएसए मिस्टरांनी घेतलाय तो असताना तरी नाही. साधा हेल्थ एफएसए नवऱ्याच्या नावावर असला तरी त्यातून बायकोची बिलं भरता येतात, म्हणून आयआरएसच्या (अमेरिकेच्या आयकर खात्याच्या) हिशेबाने तुम्हाला डिडक्टिबलच्या आधीच दुसरं कव्हर मिळालेलं असतं. त्यामुळे तुमचा प्लॅन कितीही एचएसए-वाला असला तरी त्या महिन्यांत तुम्हाला एचएसएमध्ये एक डॉलरही टाकता येत नाही, आणि कंपनीचे ते १,००० सुद्धा त्यातच मोजले जातात. एफएसएमधला एकही पैसा तुमच्यावर खर्च केला नाही तरी नियम तोच. पुढची गंमत म्हणजे वर्षअखेर एफएसएमध्ये थोडे पैसे उरले आणि ते कॅरीओव्हर झाले (पुढच्या वर्षात ओढले गेले) तर एचएसएसाठी पुढचं अख्खं प्लॅन इयर सुद्धा हातचं जातं. हे सगळं आयआरएसच्या पब्लिकेशन ९६९ मध्ये आहे, एचआरला तेच पाठवा.

आता आमचं काय झालं ते. त्या वर्षी मी कंपनीच्या बेनिफिट्स हेल्पलाइनला फोन करून स्पष्ट विचारलं होतं की बायकोचा एफएसए आहे, चालेल का. तिकडून उत्तर आलं की तुमच्या दोघांच्या कंपन्या वेगळ्या, सिस्टिम्स वेगळ्या, काही प्रॉब्लेम नाही. वर्षभर पगारातून पैसे कापले गेले. टॅक्सच्या वेळी सीपीएने सहज विचारलं तेव्हा कळलं की टाकलेली सगळी रक्कम एक्सेस, म्हणजे नियमाबाहेर जादा टाकलेली, आहे, आणि ती वेळेत काढली नाही तर जेवढी वर्षं आत राहील तेवढी वर्षं ६ टक्के एक्साइज टॅक्स. हेल्पलाइनवाल्यांना परत फोन केला तर म्हणे आम्ही टॅक्स ॲडव्हाइस देत नाही. मग त्या दिवशी काय दिलं होतं? पण कॉल रेकॉर्डिंग मागितलं तर ते आम्हाला देता येत नाही.

इथपर्यंत ठीक होतं, कारण एक्सेस काढण्याची सोय आहे. रिटर्नच्या मुदतीच्या आत, एक्स्टेन्शन (वाढीव मुदत) धरून, रक्कम आणि तिच्यावरची कमाई काढली की ६ टक्के लागत नाहीत, उत्पन्नात धरून नेहमीचा टॅक्स भरायचा की झालं. मी अकाउंट सांभाळणाऱ्या संस्थेला लेखी कळवलं की हे एक्सेस कॉन्ट्रिब्युशन आहे, परत करा. पैसे आले. पुढच्या जानेवारीत १०९९-एसए (एचएसएमधून काढलेल्या पैशांचा टॅक्स फॉर्म) आला, त्याच्या बॉक्स ३ मध्ये २ असायला हवा होता, तिथे होता १. एवढासा आकडा. १ म्हणजे साधा विड्रॉवल, आणि साधा विड्रॉवल वैद्यकीय खर्चासाठी नसेल तर उत्पन्नावरचा टॅक्स अधिक २० टक्के दंड. त्यांच्या माणसाने एक्सेस रिमूव्हलचा फॉर्म न वापरता नेहमीच्या पद्धतीने पैसे सोडले होते आणि चूक मान्य करायला कुणी तयार नव्हतं, तिकीट उघडायचं, बंद व्हायचं, परत नवीन माणूस, परत पहिल्यापासून सगळी कथा. सुधारित फॉर्म मिळाला तो तक्रार वरपर्यंत नेल्यावर, तोपर्यंत रिटर्न भरून झालं होतं, मग ते अमेंड (दुरुस्त) करा, सीपीएची फी पुन्हा द्या. पैशांपेक्षा मनस्ताप जास्त झाला, आणि तोही घरात आजारपण चालू असताना. म्हणून सांगतो, या प्रकरणात जे विचाराल ते ईमेलवर विचारा. फोनवर उत्तर मिळालं तरी लगेच मेल टाका की आज तुम्ही मला असं असं सांगितलं, बरोबर ना. उत्तर लेखी मागितलं की निम्म्या लोकांचा ठामपणा तिथेच गळतो.

आता तुमच्याकडे वळतो. मिस्टरांची ओपन एनरोलमेंट (पुढच्या वर्षाचे प्लॅन निवडायची मुदत) अजून चालू असेल तर आजच बघा, कारण वर्ष सुरू झाल्यावर एफएसए मनाला येईल तेव्हा सोडता येत नाही. त्यांच्या कंपनीत लिमिटेड पर्पज एफएसए असेल, म्हणजे फक्त दात आणि डोळ्यांसाठीचा, तर तो एचएसएबरोबर चालतो. नसेल तर एफएसए शून्य करा किंवा तुम्ही एचएसए विसरा. डिपेंडंट केअर एफएसए ही वेगळी गोष्ट, डेकेअरसाठीची, तिची एचएसएला अडचण नाही आणि २०२६ पासून तिची मर्यादाही ७,५०० झालीये, तुम्हाला पुढे लागेलच.

पण खरं विचाराल तर, आणि हे माझं वैयक्तिक मत, बाळंतपणाच्या वर्षात मी तिघांना मिस्टरांच्या पीपीओवरच ठेवीन आणि एफएसए तसाच राहू देईन. एफएसएचा एक फायदा कुणी सांगत नाही: निवडलेली पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते. एप्रिलमध्ये हॉस्पिटलचं बिल आलं तर पगारातून तोवर हजारभर कापले गेले असले तरी ३,४०० च्या ३,४०० मिळतात. एचएसएमध्ये जमा आहे तेवढंच. अर्थात पीपीओचा हप्ता आधी बघा, आणि स्पाउसल सरचार्ज आहे का तेही, कारण बायकोला स्वतःच्या कंपनीत इन्शुरन्स मिळत असताना ती नवऱ्याच्या प्लॅनवर आली तर बऱ्याच कंपन्या आता जादा पैसे लावतात. हिशेब असा करा: वर्षाचा हप्ता अधिक आउट ऑफ पॉकेट मॅक्स (वर्षात बिलांपोटी जास्तीत जास्त आपल्या खिशातून जाईल ती रक्कम), वजा कंपनी एचएसएमध्ये टाकते ते. बाळंतपणाच्या वर्षात वाईटात वाईट आकडा धरूनच चाला.

हाय डिडक्टिबल घेतलाच तर फॅमिली डिडक्टिबल ॲग्रिगेट (सगळ्यांचं मिळून एक) आहे की एम्बेडेड (प्रत्येकाचं वेगळंही) ते विचारा. ॲग्रिगेट असेल तर घरातल्या सगळ्यांचा मिळून पूर्ण आकडा भरेपर्यंत प्लॅन कुणाचंच बिल उचलत नाही, प्रिव्हेंटिव्ह तपासण्या सोडून. एचएसए-वाल्या फॅमिली प्लॅनचं डिडक्टिबल २०२६ मध्ये किमान ३,४०० असावं लागतं आणि आउट ऑफ पॉकेट १७,००० पर्यंत जाऊ शकतं. ब्रोशरच्या पहिल्या पानावर हसरं कुटुंब असतं आणि हा आकडा आत बारीक अक्षरात.

बाळ जन्मल्यावर ३० दिवसांत प्लॅनमध्ये नाव घालायचंच, कव्हर जन्मतारखेपासून धरतात. सोशल सिक्युरिटी नंबरची वाट बघत बसू नका, तो नंतर देता येतो. आणि बाळाला दोघांच्या प्लॅनवर टाकू नका, मग बर्थडे रूल लागतो, म्हणजे आईवडिलांपैकी ज्याचा वाढदिवस वर्षात आधी येतो त्याचा प्लॅन पहिला, आणि दोन कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत बसतात.

मला राग एचएसएचा नाही. अकाउंट म्हणून ते फार चांगलं आहे. पगारातून टाकलं तर फिका (पगारातून कापला जाणारा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा) टॅक्स सुद्धा वाचतो, उरलेले पैसे आपलेच राहतात, नोकरी बदलली तरी. राग आहे तो हे विकण्याच्या पद्धतीचा. केएफएफ या आरोग्य धोरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या सर्व्हेनुसार २०२५ मध्ये फॅमिली कव्हरचा सरासरी वार्षिक हप्ता २६,९९३ डॉलर होता, त्यातले ६,८५० कर्मचाऱ्याच्या खिशातून. कंपन्यांना हा बोजा हलका करायचाय, ते समजू शकतो. पण निर्णय तुमच्या हातात दिला म्हणायचं आणि निर्णयासाठी लागणारी माहिती विचारायला गेलं की कुणी जबाबदारी घ्यायची नाही, हे कसं चालेल? गरोदर बाईने हॉस्पिटलचे दर तुलना करून बघायचे म्हणे. हॉस्पिटलांनी दर टाकलेल्या त्या फायली उघडून बघा एकदा, कोडच्या रांगाच रांगा.

विषय निघालाच आहे तर अजून थोडं. कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीत असाल तर स्टेट टॅक्समध्ये एचएसएला सूट नाही. भारतात गेल्यावर दाताचं काम केलं तर ते एचएसएमधून भरता येतं, बिल नीट जपून ठेवा. मात्र अकाउंट उघडण्याच्या आधीचा खर्च चालत नाही. हॉस्पिटलचं बिल ईओबी (विमा कंपनी किती भरणार आणि तुम्ही किती, हे सांगणारं तिचं पत्रक) आल्याशिवाय भरू नका, आणि दोन्हीतले आकडे जुळवून बघा.

मिस्टरांची एनरोलमेंटची शेवटची तारीख, त्यांच्या पीपीओचा तिघांसाठीचा हप्ता आणि आउट ऑफ पॉकेट मॅक्स इथे टाका, मी रात्री बसून दोन्हींचा हिशेब मांडून देतो. आणि यंदाच्या एफएसएमध्ये काही शिल्लक असेल तर त्यांच्याकडे कॅरीओव्हर आहे की ग्रेस पिरियड (उरलेले पैसे खर्चायला थोडी वाढीव मुदत), तेवढं आधी विचारून घ्या.