प्रमाणपत्राशिवाय व्हॉट्सॲप चॅट आणि रेकॉर्डिंग कोर्टात चालते का?

हातउसन्या पैशांच्या दाव्यात व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट आणि कॉलचे रेकॉर्डिंग द्यायचे आहे, वकील प्रमाणपत्र मागतात, पण शफी मोहम्मद निकालावरच्या लेखात ते सक्तीचे नसल्याचे वाचले, असा तुमचा प्रश्न आहे. वकील बरोबर आहेत. लेख ज्या निकालावर उभा आहे तो आता कायदा राहिलेला नाही.

२०१४ मध्ये अन्वर विरुद्ध बशीर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब चे प्रमाणपत्र, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुरावा कोणत्या उपकरणातून कसा काढला याचा सहीचा दाखला, सक्तीचे ठरवले. २०१८ च्या शफी मोहम्मदमध्ये दोन न्यायमूर्तींनी ती सक्ती सैल केली. तीन न्यायमूर्तींचा निकाल दोघांना बाजूला सारता येत नाही. म्हणूनच निकालावरचे भाष्य वाचताना पीठ किती जणांचे आणि तारीख कोणती, हे आधी पाहावे. १४ जुलै २०२० रोजी अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या जालन्याच्या निवडणूक प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी शफी मोहम्मद स्पष्ट शब्दांत रद्द ठरवला.

या जालना निकालाचे अर्धेच वाचन सर्रास दिसते. तिथे उमेदवारी अर्ज मुदतीनंतर आल्याचे चित्रीकरण सरकारी कार्यालयातले होते आणि वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. अशक्य गोष्ट कायदा करायला लावत नाही, म्हणून सूट मिळाली. तुमचा फोन तुमच्याच हातात आहे, त्यामुळे ही सूट तुम्हाला लागू नाही. पुरावा त्रयस्थाकडे असेल तर आधी लेखी मागणी करा, नकार आला किंवा उत्तरच आले नाही तर कोर्टाकडे अर्ज करा. हे न करता सूट मागू नका. मूळ फोनच हजर करून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्र लागत नाही, पण मग फोन कोर्टात अडकून पडू शकतो.

दावा १ जुलै २०२४ पूर्वीच प्रलंबित असेल तर जुना पुरावा कायदा आणि कलम ६५-ब. त्यानंतर दाखल झाला असेल तर त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३. इथे अनुसूचीतला ठरलेला नमुना आहे: भाग अ पक्षकाराने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. जुन्या धाटणीचे एकपानी प्रतिज्ञापत्र जोडून अनेक जण इथेच अडकतात. नमुन्यात उपकरणाचा प्रकार, कंपनी, मॉडेल, रंग, अनुक्रमांक आणि आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) भरावे लागतात, शिवाय फाइलचा हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला तेही. हॅशचा अहवाल सोबत जोडायचा.

हॅश म्हणजे फाइलवरून संगणकाने काढलेली अंक-अक्षरांची ओळ, जणू फाइलचा अंगठ्याचा ठसा. आत एक बिट बदलला तरी तो बदलतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. रेकॉर्डिंग केबलने संगणकावर उतरवा, उघडण्या-कापण्याआधी हॅश काढा, मग पेनड्राइव्हवर प्रत करून तिचाही काढा. दोन्ही जुळले पाहिजेत. विंडोजमध्ये सर्टयुटिल (certutil) आज्ञेने हे होते, मात्र पद्धत न लिहिल्यास ती एसएचए-१ पद्धतीचा हॅश देते. एसएचए-२५६ मुद्दाम लिहा, उत्तर ६४ अक्षरांचे येते. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो किंवा व्हिडिओ आकुंचित होतो, त्याचा हॅश मूळ फाइलशी कधीच जुळणार नाही.

स्क्रीनशॉटची मोठी उणीव अशी की वर तुम्ही सेव्ह केलेले नाव दिसते, नंबर नाही. उलटतपासणीत पहिला घाव तिथेच बसतो. संपर्काचे पान नंबरासह घ्या, संपूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा आणि निकाल लागेपर्यंत फोन विकू किंवा रीसेट करू नका.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नीच्या वादात गुपचूप केलेले रेकॉर्डिंग ग्राह्य धरले. तो प्रश्न वैवाहिक संवादाच्या गोपनीयतेचा होता. त्यावरून ‘कोणतेही रेकॉर्डिंग आता चालते’ असे लिहिणारे मथळे दिशाभूल करतात.

कागद प्रमाणपत्राविना दाखल झालेच असतील तर घाबरू नका, पण थांबूही नका. २०२३ च्या कर्नाटक राज्य विरुद्ध नसीर या फौजदारी प्रकरणात खटला सुरू असताना प्रमाणपत्र उशिरा देण्याची मुभा मिळाली. ती कोर्टाच्या विवेकावर असते. त्यामुळे पुरावा नोंदवण्याचा टप्पा संपण्याआधी, उशिराचे कारण लिहून अर्ज द्या आणि प्रमाणपत्र त्याच अर्जाला जोडा.