आधी उधारी फेड

पोरी,
अनेक आशीर्वाद.

कॅमेरा विकायचाय, किती येतील, असं तू विचारलंस. किंमत मी सांगणार नाही. त्याआधी बॅग उघड. आठ महिने उघडली नाहीस म्हणतेस, आणि त्यात अख्खा पावसाळा गेला. लेन्स उजेडासमोर धरून बघ. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी लागलीय, उद्याच्या उद्या दुरुस्तीवाल्याकडे दे. काचेवरचं कोटिंग तिनं एकदा खाल्लं की पुढे इलाज नाही. चामड्याच्या कव्हरात ठेवू नकोस, चामड्यात ओल धरते. घट्ट झाकणाचा डबा घे, त्यात सिलिका जेलची पुरचुंडी टाक. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर शेकायचे, परत निळे होतात. हे सगळं तुला आमच्या गच्चीवर शिकवलं होतं, तेव्हा तू नववीत होतीस. तू ते विसरलीस याचा मला राग आलाय. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. कासला गेलीस तर तुझ्या आधी शंभर माणसं त्याच फुलासमोर आडवी पडलेली. भिगवणला रोहित पक्षी उडाले, तूही धडाधड बटण दाबलंस आणि घरी आल्यावर कार्ड कॉम्प्युटरला लावावंसं वाटलं नाही. दिवे घाटातली वारी ड्रोनवाल्यांनी घेतली. फोटो कुणी दोन सेकंद बघत नाही, सगळ्यांना रील हवं. आणि आता तर एआयला चार शब्द सांगितले की धुक्यातला रायगड तयार. मग शेवटी एक ओळ लिहिलीस: ‘काका, बटण दाबते, पण आत काही हलत नाही.’

ही एक ओळ खरी आहे. वरची कारणं तू नंतर गोळा केलीस.

मी बँकेत जन्म काढला, म्हणून बँकेच्या भाषेत बोलतो. माणसाचा फोटो काढलास की तू त्याच्याकडून उचल घेतलीस. त्याचा चेहरा, त्याची वेळ, तो तुझ्यासमोर जरा सरळ होऊन बसला ते. ही उधारी आहे. फोटो कागदावर येऊन त्याच्या हातात पडेपर्यंत ती फिटत नाही. तुझ्या डिस्कवर चाळीस हजार फोटो आहेत, असं तूच मागे अभिमानानं सांगितलं होतंस. त्यातली किती माणसं अजून वाट बघतायत? थकबाकीदार माणूस मी रोज पाहिलाय. तो वाईट नसतो. पण शाखेसमोरून जायची वेळ आली की पलीकडच्या गल्लीनं जातो. तू आठ महिने कपाटासमोरून तशीच जातेयस. उत्साह गेला, उत्साह गेला, म्हणून काय घेऊन बसलीस? आधी उधारी फेड.

हे मी कुठून शिकलो ते सांगतो. तुझ्या काकूला सोडून हे पूर्ण कुणाला सांगितलेलं नाही.

१९९१ची आषाढी. पालखी तरडगावात यायच्या दिवशी मी चांदोबाच्या लिंबाशी उभा होतो. उभं रिंगण झालं, अश्व धावून गेले आणि माणसं टापांखालची माती कपाळाला लावायला झेपावली. सगळे फोटोग्राफर तिकडे. मला मात्र गर्दीबाहेर बाभळीखाली एक म्हातारी दिसली. एकटीच, पाय लांब करून, स्वतःच्या पोटऱ्या स्वतः चेपत बसलेली. तीन फोटो काढले. तिसऱ्याला ती माझ्याकडे बघून हसली. मी निघालो तर तिनं माझी बाही धरली. म्हणाली, ‘लेकरा, मला दे बरं ह्यो फोटू. माझा एकबी नाही.’ दिंडी जिंतूरकडची होती. फिल्मच्या रोलच्या खोक्याचं झाकण फाडून त्यावर मी तिचं नाव आणि गाव लिहून घेतलं. ‘पाठवतो आजी’ म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो.

रात्री न्हाणीघरात लाल दिव्याखाली रसायनाच्या ट्रेमध्ये फोटोचा कागद सोडला. तू हे पाहिलेलं नाहीस, तुझ्या वाट्याला ते आलं नाही. कोऱ्या कागदावर आधी डोळ्यांच्या खोबणी वर आल्या, मग सुरकुत्या, अगदी शेवटी पांढऱ्या केसांच्या बटा. मी ट्रे हलवायचा विसरलो होतो. हा आपल्या हातून झालेला सगळ्यात चांगला फोटो, हे मला तिथेच कळलं. दुसऱ्या दिवशी १२ बाय १५ची प्रिंट काढली आणि सलॉनला, म्हणजे फोटोंच्या स्पर्धा-प्रदर्शनाला, पाठवली. पदक मिळालं. पुढच्या दोन वर्षांत ती म्हातारी चार शहरांत भिंतीवर लागली. तिच्या गावी गेली नाही. एक पाकीट आणि एक पोस्टाचं तिकीट, एवढंच काम होतं.

मी विसरलो होतो असंही नाही. ते झाकण माझ्या टेबलाच्या खणात होतं. या महिन्यात पाठवू, जरा मोठी काढून पाठवू, फ्रेम करूनच पाठवू. चांगलं करायच्या नादात चोवीस वर्षं गेली.

२०१५ला निवृत्त झाल्यावर निगेटिव्ह लावताना ते झाकण परत हाताला लागलं. एसटीनं गेलो. घर सापडलं. ती जाऊन अठरा वर्षं झाली होती. सुनेनं आत नेलं. भिंतीवर सासऱ्यांचा फोटो होता. त्याच्या शेजारी एक खिळा आणि खिळ्याला तुळशीची माळ. नुसती माळ. फोटो नव्हता ना, म्हणून माळच टांगलेली. मी पाकिटातून प्रिंट काढली. सून कितीतरी वेळ बघत राहिली, मग नातीला हाक मारून तिचं नाक आणि फोटोतलं नाक ताडून पाहिलं. आणि मला म्हणाली, ‘किती द्यायचे?’

पोरी, तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुला वाटेल, काका म्हातारपणी हळवे झाले. तसं नाही. आमच्या घरात काय झालं ते तुला माहीत नाही. वडील गेले तेव्हा हार घालायला त्यांचा फोटो सापडेना. घरात चार कॅमेरे, कपाटभर निगेटिव्ह, पदकं, आणि वडिलांचा समोरून काढलेला एक फोटो नाही. शेवटी एसटीच्या पासावरचा फोटो स्टुडिओतून मोठा करून आणला. अजून तोच भिंतीवर आहे, कोपऱ्यात शिक्क्याची अर्धी कड दिसते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

मधली नऊ वर्षं मी कॅमेऱ्याला हात लावला नव्हता, हे तुला ठाऊक आहे. फिल्म गेली, काकांना डिजिटल जमलं नाही, असं आमच्या क्लबातले म्हणत. ते खोटं आहे. जमलं नसतं तर तुला कुणी शिकवलं? मी थांबलो, कारण एका प्रदर्शनात भिंतभर पांढऱ्या दाढ्या आणि चिलमीचा धूर लागला होता आणि त्यात माझी प्रिंट मला पटकन ओळखू येईना. तुला कासला वाटलं तेच मला तिथे वाटलं. तेव्हा मीही कारणं गोळा केली. कागद महागला, बदली झाली, मुलीचं लग्न आलं. मुलीचं लग्न हे खरं कारण होतं, त्यावर मी कुणाचं ऐकून घेणार नाही. पण बाकीचं सगळं गल्ली बदलणं होतं.

जिंतूरहून आलो आणि क्लबाच्या बैठकीत सांगितलं की माणसाचा फोटो स्पर्धेला द्यायचा असेल तर आधी त्या माणसाला प्रिंट पोचलेली पाहिजे. लोक हसले. एक जण म्हणाला, मग लग्नाचे फोटोवाले सगळ्यात मोठे कलावंत. त्या दिवशी मी जागेवरून उठलो तो परत गेलो नाही. मी हट्टी आहे, ताठ आहे, चार जुने मित्र त्यापायी तुटले. असू दे. मी तेव्हा बरोबर होतो आणि आजही बरोबर आहे. लग्नाचा फोटोवाला अल्बम नेऊन देतो, तेवढ्यापुरता तो माझ्यापेक्षा वर आहे.

तू विवियन मायरचं उदाहरण दिलंस. शिकागोत मुलं सांभाळत आयुष्यभर फोटो काढले, कुणाला दाखवले नाहीत, तरी काढत राहिली, मग मलाच का दाद लागते, असं. तिचे फोटो थोर आहेत. पण तिचे शेकडो रोल धुवायचेच राहिले होते, हेही लक्षात घे. १९८४ साली गॅरी विनोग्रँड हा अमेरिकेतला नावाजलेला फोटोग्राफर गेला तेव्हा अडीच हजारांच्या आसपास रोल न धुतलेले निघाले. एवढा मोठा माणूस. हात चालू होता म्हणजे आत हलत होतं, असं मला वाटत नाही. मला ते वाचून भीती वाटली होती. तुझी डिस्क म्हणजे तेच रोल आहेत.

आणि सोडायचंच असेल तर सोड की! आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांनी १९७०मध्ये कॅमेरा ठेवला. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकलेली बाई, १५ ऑगस्ट १९४७चे फोटो काढलेली, आणि त्यानंतर चार दशकं जगल्या, २०१२ला गेल्या, पण त्या धंद्यात परतल्या नाहीत. नव्या फोटोग्राफरांची वागणूक त्यांना पटेना. मला त्यांच्याबद्दल आदर आहे तो यासाठी, की त्यांचे फोटो छापून लोकांपर्यंत पोचलेले होते. देणं उरलेलं नव्हतं, म्हणून ताठ मानेनं थांबता आलं. तू चाळीस हजारांची थकबाकी ठेवून कॅमेरा विकायला निघालीस. फेडून सोड, मग मी एक शब्द बोलणार नाही.

आता तू म्हणशील, हल्ली सगळ्यांकडे मोबाइल आहेत, मी व्हॉट्सॲपवर पाठवते की. पाठवलंस म्हणजे फेडलं नाही. मोबाइल पाण्यात पडतो, मेमरी भरली की नातू सगळं पुसून टाकतो. आमच्या आळीतल्या आजीच्या फोनमध्ये हजारो फोटो होते, फोन बंद पडला आणि तिच्याकडे भिंतीवर लावायला काही नाही. कागद लागतो. चार बाय सहाची प्रिंट अजून चहाच्या पैशांत होते. मॅट घे, ग्लॉसीवर बोटं उमटतात. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं तारीख आणि गाव लिही. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढून दिसतो.

आणि तुझे ‘चांगले’ फोटो निवडत बसू नकोस, तिथेच तू परत अडकशील. ज्यात माणूस तुझ्याकडे बघतोय ते काढ. वरंधा घाटातला भजीवाला आठवतो? तू त्याचा त्याच्या कुत्र्याबरोबर काढला होतास, बाहेर पाऊस आणि कुत्रं त्याच्या पायाशी. त्याच्यापासून सुरुवात कर. ते कुत्रं आता असेल का, कोण जाणे. त्याच्या हातात तो फोटो कुठलं एआय देणार आहे, सांग मला. भिगवणचे फोटो म्हणजे पक्षी, त्यांची कसली उधारी, असं म्हणशील. तुला नावेतून ज्यानं नेलं त्याची. उजेड तुझ्या मागून यावा म्हणून थंडीत तासभर वल्ही मारत नाव फिरवली, हे तूच मला कौतुकानं सांगितलंस. त्याच्या नावेतून रोहितांचे किती फोटो निघाले असतील. त्याचा स्वतःचा, नावेतला, वल्हं हातात धरलेला फोटो त्याच्या घरात आहे का, एवढं विचारून ये. नसला तर काढ. बघ तेव्हा आत काही हलतं का. नाही हललं तरी काढ, कारण तो त्याच्यासाठी आहे.

तुला आनंद होईल, असं मी मुद्दाम म्हणत नाहीये. मला कधी होतो, कधी अर्धा दिवस तोंड कडू होतं. सासकलला एका घरी गेलो तर मुलगा म्हणाला, ज्याचा फोटो आणलात त्याचं नाव या घरात काढू नका. प्रिंट परत घेऊन आलो. आठवड्यानं तोच मुलगा फलटणला येऊन मुकाट्यानं घेऊन गेला. काय झालं असेल त्या घरात, मी विचारलं नाही.

माझ्या वहीत दोनशे बारा नावं होती. त्यातली एकशे अठ्ठेचाळीस झाली. बाकीची होतील की नाही माहीत नाही, गुडघे ऐकत नाहीत. म्हणून तुझ्यावर चिडतो. तुझे गुडघे सत्तावीस वर्षांचे आहेत आणि तुझी माणसं अजून जिवंत आहेत.

येत्या रविवारी मी बरडला जातोय. तिथल्या एका न्हाव्याचा १९८८चा फोटो आहे, आरशात तो आणि खुर्चीत साबण लावलेलं गिऱ्हाईक. दुकान आता मुलगा चालवतो असं कळलंय. सकाळी लवकर निघायचं, म्हणजे त्याच्याकडे गर्दी व्हायच्या आत पोचू. शनिवारी मुक्कामाला ये, काकू थालीपीठ लावेल. कॅमेरा घरी राहिला तरी चालेल, भजीवाल्याची प्रिंट मात्र घेऊन ये, कशी आलीय ते मला बघायचंय. आणि सिलिका जेल विकत घेऊ नकोस, माझ्याकडे जास्तीचं पडलंय.

तुझा,
काका