वादळासाठी खिडक्यांना प्लाय लावायचाय? मग काचेवर टेप चिकटवू नको

हे बघ भाऊ, काचेवर फुली मारून टेप लावल्याने काच फुटायची थांबत नाही, फक्त तुकडे मोठे पडतात, ते तर अजून वाईट. आपल्याकडे जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलला मे-जूनमध्ये वावधन (वादळी वारा) सुटलं की केळी आडवी होते तेव्हा उडालेला पत्रा नाहीतर फांदी येऊन आदळते, आणि एकदा खिडकी फुटली की वारा आत शिरून छताला खालून उचलतो, खरी भीती ती आहे.

तू १६-१८ मिमीचा प्लाय घे, ६ मिमीचा स्वस्त पडतो पण कामाचा नाही. खिडकीपेक्षा चारी बाजूंनी ४ इंच मोठा काप आणि लाकडी चौकटीला खिळे ठोकत बसू नको, भिंतीत अँकर बोल्ट टाक, साधारण फुटा-फुटावर. भोकं आत्ताच पाडून ठेव, वादळ आल्यावर ड्रिल शोधशील आणि लाईट गेलेली असेल!

मी जुनी ठिबकची नळी उभी चिरून प्लायच्या कडांना बसवली, खडखड बंद झाली. प्लायच्या कापलेल्या पाट्यांवर नंबर टाक, नाहीतर कोणती कुठली हे शोधण्यातच अर्धा तास जातो (आमच्याकडे यावरून घरात भांडण झालंय). आणि दार मात्र मोकळं ठेव रे, बाहेर पडायला.