वाचक विचारतात : महागाथांचे चाहते आणि त्यांचे तर्क

विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या दीर्घ मालिकांविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या वेळी उत्तरे दिली आहेत. उत्तरांच्या ओघात काही कथांची रहस्ये उघड करावी लागली आहेत. त्यामुळे ‘हॅरी पॉटर’, ‘स्टार वॉर्स’, ‘स्टार ट्रेक’, ‘बाहुबली’ किंवा ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ज्यांना अजून पहिल्यांदा अनुभवायचे आहे, त्यांनी हे पान तूर्त बाजूला ठेवावे.

प्रश्न : वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ‘स्टार ट्रेक’मधील स्पॉकचा मृत्यू पुन्हा पाहताना मला हुंदका आवरला नाही. घरचे म्हणतात, “अहो, तो खरा होता का?” काल्पनिक पात्रासाठी इतके हळवे होणे बालिशपणाचे आहे का?

उत्तर : मुळीच नाही. तो खरा नव्हता हे आपल्याला पूर्ण ठाऊक होते आणि तरीही रडू आले, यात कोणतीही विसंगती नाही. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ साली पडद्यावरील आणि रेडिओवरील व्यक्तींशी प्रेक्षकांचे जे एकतर्फी जिव्हाळ्याचे नाते जुळते, त्याचे वर्णन केले होते. त्यांचा रोख मुख्यतः निवेदकांकडे होता. पुढे हीच कल्पना काल्पनिक पात्रांनाही लावली गेली. दीर्घ मालिकेत या नात्याला काळाची जोड मिळते. ‘हॅरी पॉटर’चे पहिले पुस्तक १९९७ साली आले आणि शेवटचे २००७ साली, अकराव्या वर्षी ते हाती घेतलेला वाचक शेवटचे पान मिटेपर्यंत एकवीस वर्षांचा झालेला होता.

स्पॉकचेच पाहा. ‘द रॅथ ऑफ खान’ हा चित्रपट १९८२ सालचा. त्यात स्पॉक मरणार असल्याची कुणकुण चाहत्यांना आधीच लागली होती आणि निषेधाचा सूरही उमटला होता. त्यावर निर्मात्यांनी युक्ती अशी केली, की सुरुवातीच्याच प्रसंगात स्पॉकला कोसळताना दाखवले. तो प्रसंग प्रशिक्षणातील सराव असल्याचे लगेच उघड होते आणि प्रेक्षक निर्धास्त होतो. शेवटी मात्र यान वाचवण्यासाठी किरणोत्सर्गाने भरलेल्या कक्षात गेलेला स्पॉक खरोखर मरतो. त्याचा कप्तान आणि मित्र कर्क पारदर्शक भिंतीपलीकडे उभा आहे, हे कळल्यावर तो कसाबसा उठतो आणि पहिली गोष्ट कोणती करतो, तर गणवेशाचा अंगरखा खाली ओढून नीट करतो. १९६६पासून त्याचा नेमस्तपणा पाहत आलेल्या माणसालाच या एका हालचालीचा अर्थ कळतो, आणि ज्याला तो कळतो त्याचे डोळे कोरडे राहत नाहीत. आपले रडू हे त्या दीर्घ परिचयाचे फळ आहे. घरच्यांना तो परिचय नाही, इतकेच.

प्रश्न : आवडत्या मालिकेविषयी रोज नव्या थिअरी वाचनात येतात. त्यांतील दमदार कोणती आणि पोकळ कोणती, हे कसे ओळखावे?

उत्तर : माझी कसोटी अशी आहे : तर्क वाचल्यावर आपण मूळ कथेकडे परत जातो का, आणि तिथे आधी न दिसलेले काही दिसते का? जो तर्क कथेतील तपशिलांना अधिक उजळ करतो तो चांगला, मग तो पुढे खरा ठरो वा न ठरो.

‘बाहुबली’चा पहिला भाग १० जुलै २०१५ रोजी प्रदर्शित झाला आणि दुसरा २८ एप्रिल २०१७ रोजी. “कट्टप्पाने बाहुबलीला का मारले?” या प्रश्नाने मधला सगळा काळ व्यापला होता. कोणी कट्टप्पाला कपटी ठरवले, कोणी त्यात बाहुबलीचीच गुप्त योजना पाहिली. परंतु उत्तराची दिशा पहिल्याच भागात दाखवलेली होती. अस्लम खान हा परदेशी शस्त्रव्यापारी कट्टप्पाचे कौशल्य पाहून भारावतो आणि त्याला गुलामगिरीतून सोडवण्याची तयारी दाखवतो. कट्टप्पा नकार देतो, कारण पूर्वजांनी सिंहासनाला दिलेल्या वचनाने तो बांधलेला आहे. हा प्रसंग अनेकांनी केवळ पात्रपरिचय म्हणून पाहिला. ज्यांनी तो ध्यानात ठेवला, त्यांना एवढे तरी उमगले होते की या माणसाच्या हातून तलवार चालली असेल ती स्वतःच्या द्वेषापोटी नव्हे, तर आज्ञेपोटी. आणि दुसऱ्या भागात ती आज्ञा शिवगामीची निघाली.

याहून थोर उदाहरण ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधील जॉन स्नोच्या जन्माचे आहे. ही दूरचित्रवाणी मालिका ज्यांवर बेतली आहे, त्या जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरीमालेतील पहिली कादंबरी १९९६ साली आली आणि जॉन हा नेड स्टार्कचा अनौरस पुत्र नसून त्याची बहीण लियाना आणि राजपुत्र ऱ्हेगार यांचा मुलगा आहे, हा तर्क चाहत्यांनी १९९०च्या दशकातच मांडला होता. त्यांच्यापाशी होते काय? बहिणीच्या मृत्युशय्येची नेडला येणारी आठवण, त्या खोलीतला रक्ताचा आणि गुलाबांचा वास, तिने त्याच्याकडून घेतलेले एक वचन, आणि ऱ्हेगारने स्पर्धा जिंकल्यावर स्वतःच्या पत्नीला डावलून लियानाला दिलेला निळ्या गुलाबांचा मुकुट. पुढच्या कादंबरीत ऱ्हेगारच्या बहिणीला, डेनेरिसला, एका दृष्टांतात बर्फाच्या भिंतीच्या फटीतून उगवलेले निळे फूल दिसते. बर्फाच्या भिंतीवर पहारा देणारा जॉन आणि लियानाचे निळे गुलाब यांची सांगड ज्या वाचकाने प्रथम घातली, त्याच्या नजरेला मी मनापासून दाद देतो. दूरचित्रवाणी मालिकेने जून २०१६मध्ये या तर्कावर शिक्कामोर्तब केले. कादंबऱ्यांत ते अद्याप उघडपणे सांगितलेले नाही. मालिकेचे निर्माते डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस मार्टिन यांना प्रथम भेटले, तेव्हा जॉन स्नोची आई कोण असावी, हाच प्रश्न मार्टिन यांनी त्यांना विचारला होता. कादंबऱ्या किती लक्षपूर्वक वाचल्या आहेत, हे पाहण्यासाठी याहून चांगली परीक्षा नव्हती.

कधी कधी पुरावा कथेच्या बाहेरही सापडतो. ‘हॅरी पॉटर’च्या सहाव्या पुस्तकाच्या अखेरीस ‘आर. ए. बी.’ अशी सही असलेली चिठ्ठी येते. ही व्यक्ती रेग्युलस ब्लॅक असावी, असा अंदाज बांधलेल्या वाचकांनी वेगवेगळ्या भाषांतील अनुवाद ताडून पाहिले. डच आणि नॉर्वेजियन अनुवादांत ब्लॅक घराण्याचे आडनाव बदललेले आहे आणि सहीतील शेवटचे अक्षरही नेमके त्या आडनावांप्रमाणे बदललेले आढळले. निरनिराळ्या देशांतील अनोळखी वाचकांनी मिळून केलेले हे काम कोणत्याही पाठचिकित्सेच्या तोडीचे आहे.

उलट, “ही सगळी कथा नायकाला पडलेले स्वप्न आहे” असे म्हणणारे तर्क मला पोकळ वाटतात. कोणताही तपशील त्यांना खोटे ठरवू शकत नाही, म्हणून कोणताही तपशील त्यांच्या लेखी महत्त्वाचाही उरत नाही.

प्रश्न : ‘हॅरी पॉटर’मधील वृद्ध जादूगार डम्बलडोर सहाव्या पुस्तकात मेलेला नाही, असे मी २००५ ते २००७ या काळात मित्रमैत्रिणींना हिरिरीने पटवून देत असे. शेवटी तोंडघशी पडले. तेवढा सगळा खटाटोप वायाच गेला ना?

उत्तर : वाया गेला असे मला अजिबात वाटत नाही. आपला तर्क दुःखातून जन्मला होता, हे खरे. प्रिय पात्र गेले की मन प्रथम पळवाट शोधते. ऑगस्ट २००६मध्ये न्यूयॉर्क येथील कार्यक्रमात जे. के. रोलिंग यांनी डम्बलडोर खरोखर मरण पावला आहे, असे स्पष्ट सांगितले, तरी अनेकांनी आशा सोडली नव्हती. त्याच कार्यक्रमात सलमान रश्दी यांनी उभे राहून डम्बलडोरला मारणारा स्नेप सज्जन की दुर्जन, असा प्रश्न विचारला होता. इतक्या मोठ्या लेखकालाही तोच घोर लागलेला होता, हे लक्षात घ्यावे.

आता आपण तेव्हा काय काय हेरले होते ते आठवून पाहा. डम्बलडोरचा काळवंडलेला हात वर्षभर बरा होत नाही. मनोऱ्यावर तो स्नेपला “सेव्हेरस, कृपा कर” अशा अर्थाची विनवणी करतो; मृत्यूला कधीही न भ्यालेला हा वृद्ध जिवाची भीक का मागेल? या दोन खुणांवरून त्या मृत्यूमागे दोघांचा काही ठराव असावा, असे आपण आणि आपल्यासारख्या असंख्य वाचकांनी म्हटले होते. सातव्या पुस्तकात कळते की हातावरच्या शापाने डम्बलडोरचे दिवस भरतच आले होते आणि आपल्याला तूच मार, असे त्याने स्नेपकडून आधीच कबूल करून घेतले होते. म्हणजे निष्कर्ष चुकला, पण वाचन अचूक होते. ‘तो वाचला’ एवढा एक शब्दप्रयोग वगळला, तर आपली बाजू बरोबरच होती.

‘स्टार वॉर्स’च्या चाहत्यांनीही असाच काळ काढला आहे. १९८० साली खलनायक डार्थ व्हेडरने नायक ल्यूकला “मीच तुझा पिता आहे” असे सांगितले आणि पुढची तीन वर्षे तो खोटे बोलत असावा, असे मानणारे प्रेक्षक कमी नव्हते. व्हेडरला आवाज देणारे जेम्स अर्ल जोन्स यांनासुद्धा संवाद वाचताना तो थापच मारत असल्याचे वाटले होते. चित्रीकरणाच्या वेळी तर गुप्तता राखण्यासाठी वेगळेच वाक्य उच्चारले गेले होते.

प्रश्न : टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधील बालरॉग या राक्षसाला पंख होते का? त्याच कथेतील गूढ वनवासी टॉम बॉम्बाडिल नक्की कोण? लेखकाने एकदाचे स्पष्ट सांगून टाकायला नको होते का?

उत्तर : टॉल्किन यांनी बालरॉगची सावली आधी दोन विशाल पंखांसारखी पसरल्याचे लिहिले आणि थोड्याच ओळींनंतर त्याचे पंख भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरल्याचे लिहिले. पहिली उपमा दुसऱ्या वाक्यातही चालू आहे, असे मी मानतो, म्हणून माझे मत ‘पंख नव्हते’ या बाजूला. बॉम्बाडिलबद्दल मात्र टॉल्किन यांनीच १९५४ सालच्या एका पत्रात म्हटले आहे की पुराणकाळातही काही कोडी असायला हवीत आणि बॉम्बाडिल हे जाणूनबुजून ठेवलेले कोडे आहे. त्या उत्तरावर मी समाधानी आहे.

प्रश्न : आवडत्या मालिकेचा शेवट बिघडवला, तर चाहत्यांनी गप्प का बसावे? आमचा काहीच अधिकार नाही का?

उत्तर : बोलण्याचा अधिकार पूर्णपणे आहे, आणि त्याचा उत्तम वापर झाल्याचे उदाहरणही आहे. ‘स्टार ट्रेक’ दुसऱ्या पर्वानंतर बंद पडणार, अशी चिन्हे दिसू लागल्यावर बीजो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याने पत्रमोहीम उभारली. पत्रे स्वतःच्या शब्दांत लिहावीत आणि प्रत्येकाने आणखी दहा जणांना लिहायला सांगावे, असा त्यांचा आग्रह होता. जानेवारी १९६८मध्ये कॅलटेक या कॅलिफोर्नियातील तंत्रविद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी मालिका दाखवणाऱ्या एनबीसी वाहिनीच्या बर्बँक येथील वास्तूवर मोर्चाही नेला. १ मार्च १९६८ रोजी वाहिनीने भाग संपताच मालिका पुढे चालू राहणार असल्याची घोषणा केली. तिसरे पर्व मिळाले, एकूण ७९ भाग झाले आणि पुनःप्रक्षेपणांतून मालिकेला नवे प्रेक्षक लाभत गेले.

‘गेम ऑफ थ्रोन्स’चे शेवटचे पर्व नव्याने करावे, या २०१९ सालच्या मागणीपत्रावर १५ लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. त्यामागची निराशा मला समजते. वर्षानुवर्षे रुजवलेली डेनेरिस शेवटच्या काही भागांत घाईने पालटली, ही तक्रार मला रास्त वाटते. मात्र घडलेला शेवट रद्द करण्याची मागणी मला पटत नाही. तो का फसला, हे प्रसंगांच्या आधारे दाखवणे अधिक कठीण आणि अधिक मोलाचे काम आहे.

मर्यादा कोठे येते, याविषयी मात्र माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. १९९९ साली ‘स्टार वॉर्स’मध्ये जार जार बिंक्स साकारणारे अहमद बेस्ट यांच्यावर पात्र न आवडल्याचा इतका राग निघाला की त्या काळात आपल्या मनात आत्महत्येचा विचार आला होता, असे त्यांनी २०१८ साली उघडपणे सांगितले. त्याच वर्षी ‘स्टार वॉर्स’मधीलच केली मरी ट्रान या अभिनेत्रीने सततच्या वंशद्वेषी आणि स्त्रीद्वेषी शेरेबाजीनंतर इन्स्टाग्रामवरील आपल्या सगळ्या नोंदी काढून टाकल्या. पात्रावर, पटकथेवर, दिग्दर्शनावर हवी तेवढी कठोर टीका करावी. नटावर तुटून पडणाऱ्याने कथेवर प्रेम केल्याचा दावा करू नये.

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा मुलगा वहीत पानेच्या पाने थिअरी लिहितो. अभ्यासाच्या दृष्टीने हे थांबवावे का?

उत्तर : कृपया थांबवू नका. त्याची वही वाचायला मागा, आणि प्रत्येक तर्काशेजारी तो पुस्तकातील कोणत्या पानावरून सुचला, ते लिहायला सांगा. पान सापडले नाही, तर तर्क खोडायचा नाही; शेजारी फक्त प्रश्नचिन्ह काढून ठेवायचे. पुढचा भाग आला की दोघांनी मिळून वही पुन्हा उघडावी आणि चुकलेल्या तर्कांपासून सुरुवात करावी.