मानेवाडा ते मिहान: पहिली गाडी निवडताना

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नोकरीला लागून वर्ष होत आले, सहा लाखांची जुळवाजुळव झाली (त्यातले दोन लाख कर्जाचे असतील हे तू आधीच सांगितलेस, ते बरे केलेस) आणि आता रोज नागपुरातल्या मिहान औद्योगिक परिसरात नोकरीला जाण्यासाठी, घरची कामे करण्यासाठी आणि आईला दवाखान्यात नेण्यासाठी उपयोगी पडेल, पण चालवताना मनही रमेल अशी गाडी तुला हवी आहे. एवढ्या पैशांत या दोन्ही गोष्टी मिळतात का, असे तू विचारतेस. मिळतात. मात्र ‘चालवायला मजा’ म्हणजे नेमके काय, हे शोरूमची पायरी चढण्याआधी तुला स्वतःशी ठरवावे लागेल.

मी ते ठरवले नव्हते. फार वर्षांपूर्वी हायवेवर एका मित्राची मोठी डिझेल सेडान चालवली, तिच्या पिकअपने भारावून गेलो आणि महिनाभरात तशीच एक जुनी गाडी दारात आणून उभी केली. अमरावती रोडवर ती खरोखर सुरेख पळत असे. पण माझे रोजचे जाणे धरमपेठेतून सदरपर्यंतचे आणि आठवड्यातून दोनदा इतवारीतले होते. जड क्लच, लांब नाक आणि अरुंद गल्ल्या यांमुळे वर्षभरातच मी शक्यतो स्कूटरने जाऊ लागलो. गाडीत काही दोष नव्हता; ती ज्या रस्त्यासाठी होती, तो रस्ता माझ्या वाट्याला महिन्यातून एकदा येत होता.

तुझा रस्ता मला ठाऊक आहे. मानेवाडा चौकातून रिंग रोडने नरेंद्रनगर, पुढे छत्रपती चौक आणि तिथून वर्धा रोडने मिहान. जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. या वाटेवर सिग्नल आहेत, उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाकी आहेत, काही अंतर मेट्रोच्या खांबांच्या सोबतीचे आहे, आणि गाडीचा काटा बहुतेक वेळ तीस ते पन्नासच्या मध्ये राहणार आहे. तेव्हा मजा यायची असेल तर ती चाळीसच्या वेगाला यायला हवी. समृद्धी महामार्गावर १२० ची परवानगी असली तरी त्या महामार्गावर तू वर्षातून किती वेळा जाशील, याचा हिशेब कर.

चाळीसच्या वेगाला गाडी कशामुळे जिवंत वाटते? माझ्या मते सर्वांत आधी तिच्या हलकेपणामुळे. सुमारे ९०० किलो वजनाच्या हॅचबॅकमध्ये (मागे वेगळी बाहेर आलेली डिकी नसलेल्या छोट्या गाडीत) ८३ पीएसचे (पीएस म्हणजे अश्वशक्तीसारखे शक्तीचे माप) इंजिन असले तर टनामागे ९० पीएसहून थोडी अधिक शक्ती मिळते. १,२०० किलोच्या छोट्या एसयूव्हीत तेवढेच गुणोत्तर गाठायला ११० पीएसचे, म्हणजे महाग इंजिन लागते, आणि तरीही प्रत्येक वळणावर व प्रत्येक ब्रेकला टायरांना तीनशे किलो जास्तीचे सांभाळावे लागतात. उंच गाडी वळणावर अधिक झुकते ते वेगळेच. हलकी, बुटकी गाडी सिग्नलवरून सहज निघते, स्टिअरिंग वळवताच नाक वळवते आणि खड्डा चुकवून पुन्हा सरळ होते. रोजच्या वाहतुकीत माणसाला सुखावणारी गोष्ट हीच आहे. त्यानंतर गिअरचा दांडा न अडखळता बसणे, क्लच कुठे पकडतो ते पायाला लगेच कळणे, ब्रेक पहिल्या इंचापासून समान लागणे आणि बसण्याची जागा नीट जुळणे हे सारे येते. मोठा टचस्क्रीन आणि सनरूफ यांचा या आनंदाशी संबंध नाही, आणि नेमक्या त्यांच्यासाठीच वरच्या व्हेरिएंटचे जास्तीचे पैसे मोजले जातात.

म्हणून टेस्ट ड्राइव्ह विक्रेत्याने सुचवलेल्या मोकळ्या रस्त्यावर घेऊ नकोस. गाडी तुझ्याच वाटेवर ने, तीही दुपारी, एसी चालू ठेवून आणि मागे आई-बाबांना बसवून. एखाद्या गतिरोधकानंतर दुसऱ्याच गिअरमध्ये पंधराच्या वेगावरून गाडी उचलून बघ. लहान इंजिन एसीच्या ओझ्याखाली कसे वागते ते त्या पाच सेकंदांत कळते आणि कोणत्याही माहितीपत्रकात ते लिहिलेले नसते. मग गाडी सेमिनरी हिल्सच्या चढावळणांवर ने आणि ठरलेल्या वेगात वळण घेताना स्टिअरिंग मधेच दुरुस्त करावे लागते का, याकडे लक्ष दे. शेवटी आईला चार वेळा चढा-उतरायला लाव. त्यांच्या गुडघ्यांचे तू लिहिले आहेस. फार खोल सीट असलेली गाडी तुला कितीही आवडली तरी ती तुमच्या घरची गाडी होऊ शकणार नाही.

आता पैशांचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी २८ टक्के अधिक उपकर यांऐवजी १८ टक्के झाला आहे, त्यामुळे नवी छोटी गाडी पूर्वीपेक्षा आवाक्यात आली आहे, हे खरे. पण शोरूमच्या किमतीवर महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ता कर लागतो. साडेपाच लाखांच्या गाडीवर तो साठ हजारांच्या वर जातो आणि विमा त्यापुढे. म्हणजे सहा लाखांत नवी गाडी घेतलीस तर बहुधा अगदी खालचे व्हेरिएंट हाती येईल. तुझ्या जागी मी असतो तर चार-पाच वर्षे वापरलेली, एकाच मालकाची, चांगली राखलेली गाडी सव्वापाच लाखांच्या आत बसवली असती आणि उरलेले पैसे नवे टायर, पूर्ण सर्व्हिसिंग, ब्रेक आणि विमा यांसाठी बाजूला ठेवले असते. थकलेल्या टायरांवर उत्तम गाडीही मरगळलेली वाटते.

कोणती गाडी, तर माझ्या यादीत सर्वांत वर २०१८ ते २०२४ या पिढीची पेट्रोल मॅन्युअल स्विफ्ट आहे. २०२१ च्या आधीच्या गाड्यांत ८३ पीएसचे आणि नंतरच्यांत ९० पीएसचे चार सिलिंडरचे इंजिन आहे, वजन ९०० किलोच्या आसपास आहे, आणि सुटे भाग नागपुरातच नव्हे तर काटोल-उमरेडलाही मिळतात. मात्र एक गोष्ट तुझ्यापासून लपवणार नाही. २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या आदळवून सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत भारतात बनलेल्या स्विफ्टला प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी एकच तारा मिळाला होता. टाटा अल्ट्रॉझला २०२० मध्ये पाच तारे मिळाले, तिचे दरवाजे जवळजवळ काटकोनात उघडतात आणि आईला तिच्यात बसणे सोपे जाईल. परंतु तिचे साधे १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन मला मंद वाटते. तुम्ही वर्ध्याला आजोळी वारंवार जात असाल तर अल्ट्रॉझकडे झुकावे, नसाल तर स्विफ्टकडे. दोन्ही चालवल्याशिवाय ठरवू नकोस. चालवण्याच्या आनंदाच्या बाबतीत फोर्ड फिगोचे स्टिअरिंग आणि फोक्सवॅगन पोलोचे ११० पीएसचे टर्बो इंजिन या दोहोंना मी मनापासून दाद देतो. पण फोर्डने भारतातील उत्पादन थांबवण्याची घोषणा २०२१ मध्येच केली आणि पोलो २०२२ मध्ये बंद झाली. पहिल्याच गाडीला सुटे भाग शोधत फिरण्याची वेळ तुझ्यावर येऊ नये. शिवाय पोलोची मागची सीट तुझ्या बाबांच्या उंचीला पुरणार नाही.

डिझेल नको. बीएस-६ डिझेल गाड्यांतील काजळी गाळणारा फिल्टर स्वच्छ व्हायला सलग वेगात धावणे लागते आणि तुझ्या सिग्नलांच्या वाटेवर ते होत नाही. सीएनजी घेतलीस तर डिकीतली बरीच जागा जाते आणि मागच्या बाजूला वजन वाढते. मायलेजचा धसका मात्र सोडून दे. महिन्याला ७०० किलोमीटर धरले तर लिटरला १५ आणि लिटरला १८ देणाऱ्या गाड्यांत फरक पडतो सुमारे आठ लिटरचा, म्हणजे आजच्या भावाने आठशे-साडेआठशे रुपयांचा. तेवढ्यासाठी न आवडणारी गाडी सात-आठ वर्षे चालवायची नसते.

जुनी गाडी नागपुरात पाहताना एक तपासणी कधीही चुकवू नकोस. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले आणि दारांत उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून पुन्हा विकल्या जातात आणि त्यांचा आजार वायरिंगमध्ये दडून राहतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून आतल्या पट्ट्यावर गाळाचा डाग आहे का ते पाहा, सीटच्या रुळांवर आणि पेडलच्या कांड्यांवर गंज आहे का ते बघ, स्टेपनीखालच्या खळग्यात हात घालून माती लागते का ते चाचप, आणि विम्याचा दावा कधी झाला होता हे विक्रेत्याकडून लेखी घे. गाडीत अत्तराचा किंवा फ्रेशनरचा वास अति असेल तर मी तिथूनच परत फिरतो.

दुसरा शत्रू आपला उन्हाळा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मिहानच्या उघड्या पार्किंगमध्ये गाडी दिवसभर तापणार आहे. बॅटरी, रबरी होज आणि टायर या उष्णतेने लवकर म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांनंतरच्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ लिहिले असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे, आणि नक्षी कितीही शाबूत दिसली तरी तो समृद्धीवर नेण्याच्या लायकीचा राहिलेला नाही. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीत साधे पाणी किंवा गंजाचा रंग दिसला तर इंजिन कधीतरी तापले असावे असे समज. एसी उभ्या गाडीत, इंजिन नुसते सुरू असताना थंड करतो का तेही पाहा. धावत्या गाडीत तर अर्धा बिघडलेला एसीसुद्धा गार हवा देतो.

व्यवहार ठरला की मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५, एवढे हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नकोस. विमा चौदा दिवसांत तुझ्या नावावर करण्याचा अर्ज दे. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे तुझा हप्ता त्याच्यापेक्षा जास्त येईल. तो आधीच हिशेबात धर.

बेसा रोडवरची जी स्विफ्ट तू पाहून आलीस ती २०२० ची असेल तर मला तिची पाहणी करायला आवडेल. येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी मानेवाडा चौकात येतो. मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेव की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. थंड इंजिनची पहिली सुरुवात आणि सायलेन्सरमधून निघणारा पहिला धूर मला स्वतः पाहायचा आहे. हवेचा दाब मोजायचा गेज मी आणतो, तू फक्त टॉर्च घेऊन ये.

तुझे सर