टी-लिम्फोसाइटचं विभव उणे २५ का दिसतं?

ताई, पेशी मरत असतील अशी तुमची शंका आहे, पण त्या मरत नाहीयेत. ऐरोलीच्या लॅबमध्ये तुम्ही टी-लिम्फोसाइटवर (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशीवर) होल-सेल पॅच घेता, म्हणजे पिपेटचं (बारीक काचनळीचं) टोक पेशीला चिकटवून तिथलं पटल फोडून मोजता, सील (टोक आणि पटल यांच्या सांध्याचा रोध) ५ गिगाओहमचं बसतं, आणि तरी विश्रांतीतलं विभव (पेशीच्या आत-बाहेरचा व्होल्टेजचा फरक) उणे ५० ऐवजी उणे २५ मिलिव्होल्ट येतं, असं तुम्ही लिहिलंय. घोळ सीलचाच आहे.

८ मायक्रॉन व्यासाच्या गोल पेशीचं पृष्ठफळ साधारण २०० चौरस मायक्रॉन, म्हणजे धारकता जेमतेम २ पिकोफॅरड. एवढ्याशा पटलाचा रोधही कित्येक गिगाओहम असतो. तो ५ आणि सीलही ५ असेल, तर गळतीमुळे विभव निम्म्यावर येणारच. १००-२०० मेगाओहमच्या न्यूरॉनवर हेच सील उत्तम ठरलं असतं.

म्हणून विभव मोजायला पेशी फोडूच नका. सेल-अटॅच्ड स्थितीत (पिपेट चिकटलेली, पण पटल शाबूत) राहा, पिपेटमध्ये पेशीच्या आत असतं तेवढं, सुमारे १४० मिलिमोलर पोटॅशियम भरा आणि पिपेटच्या व्होल्टेजला रॅम्प द्या, म्हणजे ते एकसारखं सरकवत न्या. सीलची सरळ रेषेतली गळती वजा केली की पोटॅशियमचा प्रवाह जिथे दिशा बदलतो, तिथलं पिपेटचं विभव म्हणजे जवळपास पेशीचं विभव. लिम्फोसाइटमध्ये केव्ही १.३ हे पोटॅशियमचे चॅनेल भरपूर असल्याने हे छान जमतं.

प्रवाह मोजायला होल-सेल चालेल, पण इतक्या लहान पेशीतला द्रव बघता बघता धुऊन जातो. कॅल्शियमचे संकेत तपासायचे असतील तर अँफोटेरिसिन बी घालून परफोरेटेड पॅच घ्या, म्हणजे पटल न फोडता त्याला फक्त सूक्ष्म छिद्रं पडतात.

रुंद टोकाच्या पिपेटचा हट्ट सोडा. २-३ मेगाओहमच्या टोकात लिम्फोसाइट ओढली जाऊन आत शिरते. ७-१० मेगाओहमचं टोक घ्या, अग्नीने गुळगुळीत केलेलं. शृंखला-रोध (पिपेटपासून पेशीच्या आतपर्यंतच्या वाटेतला रोध) २० मेगाओहम झाला तरी १०० पिकोअँपिअरला चूक फक्त २ मिलिव्होल्टची. काचपट्टीवर पॉली-लायसिन (पेशी चिकटवून ठेवणारा लेप) लावा, नाहीतर पिपेटच्या धन दाबानेच पेशी उडून जाते. दाब अगदी कमी ठेवा, पटलावर खळगा दिसला की सोडा, मग हलकं शोषण. पिपेट दर वेळी नवीन! हे पॅच-क्लॅम्प तंत्र काढणारे नेहेर आणि साकमान यांनी १९७६ मध्ये बेडकाच्या स्नायूवर एकेका चॅनेलचा प्रवाह टिपला तेव्हा सील मेगाओहममध्येच होतं. गिगाओहम पुढे १९८० च्या सुमारास साधलं, ते स्वच्छ, ताज्या पिपेटला किंचित शोषण दिल्यावर. द्रावणंही ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घ्या.

५० हर्ट्‌झच्या गुणगुणीसाठी (मोजमापात मिसळणाऱ्या वीजपुरवठ्याच्या गोंगाटासाठी) आधी लोकलच्या २५ किलोव्होल्टच्या तारांवर संशय नको. मायक्रोस्कोपचा दिवा, पंप, मॉनिटर एकेक प्लग काढून बघा आणि सगळं अर्थिंग एकाच बिंदूला जोडा. पावसाळ्यात मात्र पिपेट-होल्डरमध्ये ओल धरते आणि ट्रेस (पडद्यावरची नोंदीची रेषा) जाडजूड दिसायला लागतो. होल्डर इथेनॉलने धुऊन नायट्रोजनने पूर्ण सुकवा, मगच लावा.

रॅम्पचा आलेख इथे टाका, पिपेटचा रोध आणि सीलचा आकडाही लिहा. गळती कशी वजा करायची ते त्यावरच दाखवतो.