वाचकांचे प्रश्न : रिफायनरीची करमाफी आणि शाळेच्या वाट्याचे पैसे

मागच्या अंकात मी घरपट्टीबद्दल लिहिलं होतं, त्यात जाता जाता अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज इथल्या एक्सॉनमोबिल कंपनीच्या रिफायनरीचा एका ओळीत उल्लेख केला तर त्यावरच सगळ्यात जास्त पत्रं आली. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवते, त्यांची उत्तरं पुढच्या अंकात नक्की देईन.

प्रश्न : ताई, माझा भाचा बॅटन रूजला नोकरीला आहे. तो म्हणाला की तिथल्या शाळांच्या बोर्डाने एवढ्या मोठ्या तेल कंपनीला करमाफी द्यायला नकार दिला. शाळेचा आणि रिफायनरीच्या टॅक्सचा काय संबंध? – एक वाचक, पुणे

संबंध अगदी थेट आहे हो. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकांचा पगार राज्य सरकार देतं, त्यामुळे गावची घरपट्टी आणि गावची शाळा या दोन गोष्टी आपण डोक्यात जोडतच नाही. अमेरिकेत तसं नाही, तिथे शाळांचा मोठा खर्च स्थानिक प्रॉपर्टी टॅक्समधून चालतो. लुइझियानात जिल्ह्याला पॅरिश म्हणतात, आणि पॅरिशच्या एकाच टॅक्स बिलावर शाळा बोर्डाची ओळ वेगळी, शेरीफची म्हणजे पोलिसांची वेगळी, पॅरिश कौन्सिलची वेगळी असं असतं. शाळा बोर्ड लोकांनी निवडून दिलेलं असतं. त्यामुळे कुणाचा टॅक्स माफ झाला की कुठल्या ओळीतून किती पैसे गेले ते स्पष्ट सांगता येतं.

आता ती करमाफी. तिला इंडस्ट्रियल टॅक्स एक्झेम्प्शन प्रोग्रॅम म्हणतात, सगळे नुसतं आयटेप म्हणतात. १९३६ पासून आहे आणि १९७४ च्या राज्यघटनेतही ती आहे. कारखान्याने नवीन युनिट टाकलं किंवा मशिनरी वाढवली की त्या नव्या मालमत्तेवर आधी पाच वर्षं आणि मग अजून पाच वर्षं प्रॉपर्टी टॅक्स शंभर टक्के माफ असायचा, जमिनीवरचा मात्र भरायचा. आणि ही माफी मंजूर कोण करायचं, तर राज्याचं कॉमर्स अँड इंडस्ट्री बोर्ड आणि गव्हर्नर. म्हणजे पैसे जाणार शाळेचे, शेरीफचे, पॅरिशचे आणि सही करणार राज्याच्या पातळीवरचे लोक. जवळजवळ ऐंशी वर्षं हे असंच चाललं, ज्यांचे पैसे जात होते त्यांना कुणी विचारलंच नाही. पालिकेच्या कर खात्यात तीस वर्षं काढल्यामुळे असेल, पण तिकडे मुलीकडे राहायला गेले असताना हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फार लागलं. नातीच्या शाळेने वर्षाच्या सुरुवातीला आणायच्या सामानाची यादी दिली होती, त्यात कॉपियर पेपरचे गठ्ठे आणि टिश्यूचे डबे पालकांनी आणायचे असं लिहिलेलं, आणि खिडकीतून लांबवर त्या रिफायनरीचे दिवे दिसायचे.

रकमेचा अंदाज यावा म्हणून एक काल्पनिक हिशोब करून बघू. समजा १० कोटी डॉलरचं युनिट आहे. लुइझियानात औद्योगिक मालमत्तेचं करपात्र मूल्य किमतीच्या १५ टक्के धरतात म्हणजे दीड कोटी. तिथे दर मिलमध्ये सांगतात, एक मिल म्हणजे हजार डॉलरमागे एक डॉलर. सगळे मिळून १०० मिल धरले तर वर्षाचा टॅक्स झाला १५ लाख डॉलर, आणि त्यातला मोठा हिस्सा शाळांचा. आता लोक म्हणतात दहा वर्षांनी माफी संपली की मिळेलच की. पण मशिनरीची किंमत दर वर्षी घसाऱ्याने उतरत जाते ना, पहिल्या वर्षीची मशिनरी आणि अकराव्या वर्षीची मशिनरी कराच्या वहीत एक नसते, जी वर्षं टॅक्स सगळ्यात जास्त मिळाला असता नेमकी तीच माफीत जातात आणि शाळेच्या हाती उरतो तो खालचा गाळ. हा मुद्दा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि चर्चेत तो सगळ्यात कमी येतो.

जून २०१६ मध्ये गव्हर्नर जॉन बेल एडवर्ड्स यांनी आदेश काढून हे बदललं. शाळा बोर्ड, शेरीफ, कौन्सिल यांनी आपापल्या वाट्यापुरतं हो किंवा नाही म्हणायचं, नोकऱ्यांची अट घालायची आणि पुढे माफी शंभरवरून ८० टक्क्यांवर आली. एवढ्याशा बदलाने पूर्ण राज्याच्या बोर्डांच्या मीटिंगा भरायला लागल्या. चर्च आणि वस्तीवस्तीतल्या संस्थांची टुगेदर लुइझियाना नावाची आघाडी आहे, त्यांनी एकेका अर्जाचे आकडे काढून लोकांसमोर मांडले. ऑक्टोबर २०१८ मध्ये ईस्ट बॅटन रूज पॅरिशच्या (बॅटन रूज शहर याच पॅरिशमध्ये येतं) शिक्षकांनी मतदान घेऊन ठरवलं की एक दिवस काम बंद ठेवायचं, कशाविरुद्ध तर करमाफीविरुद्ध, पगारवाढीची मागणी पुढे करून नव्हे. आणि जानेवारी २०१९ मध्ये शाळा बोर्डाने एक्सॉनमोबिलचे अर्ज नाकारले, रक्कम साधारण २९ लाख डॉलर. ज्या कामांसाठी माफी मागितली होती ती कामं २०१७ मध्येच पूर्ण झालेली होती. म्हणजे प्रोत्साहन कशाचं द्यायचं, झालेल्या कामाचं? लोकांनी हाच प्रश्न विचारला आणि मला तो बरोबर वाटतो.

प्रश्न : मी चेंबूरला राहतो, रिफायनरीतच नोकरी करून रिटायर झालो. टॅक्स लावत बसलात तर कंपन्या दुसऱ्या राज्यात जातील, मग शाळेलाही काही नाही आणि पोरांना नोकऱ्याही नाहीत. तुम्ही हे का लिहीत नाही?

काका, तुमचा मुद्दा खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. तिथेही कंपनीच्या बाजूने हेच सांगितलं गेलं, की शेजारी टेक्सास आहे, तिकडे सवलती आहेत, आज अर्ज नाकारलात तर पुढची गुंतवणूक तिकडे जाईल. एका रिफायनरीमागे कायम कामगारांपेक्षा कितीतरी जास्त कंत्राटी माणसं, वेल्डर, क्रेनवाले, जेवणाचे डबे पुरवणारे असतात हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. माझ्या मुलीच्या शेजारचं कुटुंब त्यावरच चालतं, त्यांच्या घरी या निकालावर आनंद नव्हता, काळजी होती, आणि मी त्या काळजीला खोटं म्हणणार नाही.

पण दोन गोष्टी बघा. बॅटन रूजची रिफायनरी १९०९ पासून तिथे आहे, दिवसाला पाच लाख बॅरलच्या आसपास तेल शुद्ध करते. ती मिसिसिपीच्या काठावर आहे, धक्क्याला समुद्री जहाज लागतं, पाइपलाइनी आहेत, बाजूला केमिकलचे प्लांट तिचाच माल घेतात. असलं काही उचलून शेजारच्या राज्यात नेता येत नाही. नवीन प्लांट कुठे टाकायचा हे ठरवताना टॅक्सचा विचार होतो, नक्की होतो, पण जुन्याच युनिटची दुरुस्ती आणि बदल हे कंपनीला तसेही करावेच लागतात, आणि आयटेपमधली बरीच माफी अशाच कामांना जात होती. २०१९ च्या नकारानंतर कंपनी गेली नाही, डिसेंबर २०२२ मध्ये तिने बॅटन रूजलाच पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचं नवीन युनिट सुरू केलं.

दुसरी गोष्ट टेक्सासचीच. तिथे २०२२ अखेरपर्यंत चॅप्टर ३१३ नावाची सवलत होती, त्यात कारखान्याच्या मालमत्तेवर शाळेला टॅक्स कमी मिळायचा पण राज्य आपल्या तिजोरीतून शाळेची ती तूट बरीचशी भरून काढायचं. त्या योजनेवरही टीका झाली आणि ती बंद झाली, पण निदान शाळेची तूट कोण भरून काढणार हे ठरलेलं होतं. तुम्ही चेंबूरचे, तुम्हाला जकात आठवत असेल. माहुलच्या दोन्ही रिफायनऱ्यांच्या क्रूडवरची जकात हे मुंबई पालिकेचं मोठं उत्पन्न होतं, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात बंद झाली, तेव्हा पालिकेचं वर्षाचं सात हजार कोटींच्या आसपासचं उत्पन्न गेलं. पण त्यासाठी राज्याने वेगळा कायदा केला, दर महिन्याला भरपाई द्यायची आणि दर वर्षी ती ८ टक्क्यांनी वाढवायची असं ठरलं. आमच्या खात्यात त्या दिवसांत खूप घालमेल होती, नाक्यांवरच्या माणसांचं काय होणार वगैरे, पण पैसे गेले तर बदली पैसे कोण देणार हे कागदावर लिहिलेलं होतं. लुइझियानाच्या शाळांना असं कुणी लिहून दिलं नव्हतं.

प्रश्न : हा वाद एवढा अलीकडचा आहे का? मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. – कोल्हापूर

नाही गं, जुना आहे, आणि वाचण्यासारखा आहे. १९२८ मध्ये ह्युई लाँग गव्हर्नर झाला, त्याने शाळेतल्या मुलांना पुस्तकं फुकट दिली आणि तो खर्च तेल आणि वायू जमिनीतून काढण्यावरच्या करातून भागवला. १९२९ मध्ये त्याने शुद्ध केलेल्या तेलावर बॅरलमागे ५ सेंट कर लावायचा घाट घातला. तो थेट त्याच बॅटन रूजच्या रिफायनरीला लागणार होता, ती तेव्हा स्टँडर्ड ऑइलची होती. त्यावरून एवढं वादळ उठलं की त्याच्यावर महाभियोग आला, आरोप इतरही होते पण ठिणगी तिथली. सिनेटमधल्या पंधरा जणांनी आम्ही दोषी ठरवणारच नाही असं सही करून दिलं तेव्हा तो वाचला. १९३४ च्या शेवटी त्याने तो कर करून घेतला, कंपनीने माणसं कमी करायचं काढलं, १९३५ च्या जानेवारीत त्याच्या विरोधातल्या हत्यारबंद लोकांनी तिथलं कोर्ट ताब्यात घेतलं आणि शेवटी पाचातले चार सेंट परत द्यायची तडजोड झाली. सप्टेंबर १९३५ मध्ये त्याला गोळी घातली गेली, आणि वर माफीचं साल मी काय सांगितलं ते बघ, १९३६. मी याला कारण आणि परिणाम म्हणत नाही, ह्युई लाँग हुकूमशहासारखाच वागायचा हेही खरं, पण साल शेजारी शेजारी आहेत.

आणि एक तुझ्यासाठी, ट्रॉम्बेची १९५४ ची स्टॅनव्हॅक रिफायनरी, जी पुढे एस्सो आणि १९७४ मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियम झाली, ती स्टँडर्ड ऑइलच्याच घराण्यातली. धागा शोधायचा असेल तर इथून शोध.

प्रश्न : मग आता तिथे शाळांना विचारतात का? – पुण्याच्याच दुसऱ्या वाचक

पूर्वीसारखं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवे गव्हर्नर जेफ लँड्री यांनी आदेश बदलला. नोकऱ्यांची सक्तीची अट काढली, आणि प्रत्येक संस्थेने वेगळं मत द्यायच्या ऐवजी कौन्सिल, शेरीफ, शाळा अशा सगळ्यांची मिळून एक स्थानिक समिती केली. म्हणजे शाळा टेबलाशी आहे, पण एकटीने स्वतःच्या वाट्याला नाही म्हणायची ताकद गेली. मला याचं वाईट वाटतं. जी वही ज्याची आहे त्यातला आकडा त्याला न विचारता खोडला जाऊ नये, तो श्रीमंत कंपनीसाठी असो की आणखी कुणासाठी.

प्रश्न : आम्ही राजापूर तालुक्यातले. बारसूला रिफायनरी आली असती तर गावाला एवढा टॅक्स आला असता की सोन्याचे रस्ते झाले असते असं एक जण म्हणतो, दुसरा म्हणतो सगळं माफच झालं असतं. खरं काय?

दोघांचंही अर्धंच. नाणारची जमिनीची अधिसूचना मार्च २०१९ मध्ये रद्द झाली, मग बारसू, मग एप्रिल २०२३ चं माती परीक्षण आणि सड्यावरचं आंदोलन, ते तुम्ही अंगावर झेललंय, मी लांबून काय सांगणार. जमीन, पाणी, कातळशिल्पं, मासेमारी हे प्रश्न टॅक्सपेक्षा मोठे आहेत. पण टॅक्सचं विचारलंत म्हणून सांगते.

आपल्याकडे मोठ्या उद्योगाला सवलत मिळते ती सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली, ही १९६४ पासून आहे. पूर्वी विक्रीकरात सूट असायची, आता राज्याच्या जीएसटीच्या वाट्यावर आधारित परतावा, मुद्रांक शुल्क माफ, वीज शुल्क माफ असं असतं. पेट्रोल, डिझेल आणि क्रूड अजून जीएसटीत नाहीत त्यामुळे रिफायनरीचं गणित वेगळं मांडावं लागतं, पण जाणारे पैसे राज्याच्या तिजोरीतले असतात. तुमच्या शाळेतल्या गुरुजींचा पगार त्याने थेट थांबत नाही. लुइझियानाशी तुलना करताना हा फरक विसरू नका, नाहीतर उगाच भीती पसरते.

गावाचा स्वतःचा पैसा म्हणजे ग्रामपंचायतीची घरपट्टी, महाराष्ट्र ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १२४ ची. आणि तिथे एक दार आहे ज्याबद्दल ग्रामसभेत फार कमी बोललं जातं, कलम १२५. त्याखाली कारखाना ग्रामपंचायतीशी करार करून सगळ्या करांऐवजी एक ठोक रक्कम देऊ शकतो. ही ठोक रक्कम चांगली ठरली तर गावाला बिनकटकटीचे पैसे मिळतात, आणि वाईट ठरली तर वर्षानुवर्षं कारखाना वाढत राहतो आणि आकडा तोच राहतो. करार कोणत्या वर्षी झाला, किती वर्षांचा आहे, युनिट वाढलं तर रक्कम वाढेल असं त्यात लिहिलंय का, हे विचारायला पाहिजे.

आणि हे विचारायला रिफायनरीच यायला हवी असं नाही. तुमच्या किंवा शेजारच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत आज जो कुठला कारखाना, क्रशर किंवा मोठं गोदाम असेल, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) जाऊन नमुना ८ ची नोंदवही बघायला मागा, त्यात त्याचं क्षेत्रफळ काय लिहिलंय आणि आकारणी काय केली आहे ते उतरवून घ्या, आणि आकडे मला पत्राने पाठवा, पुढच्या अंकात आपण ते एकेक ओळ घेऊन बघू.